रेव्ह. सॅम्युएल वूस्टर व चेरोकी लोकांची भूमि

अमेरिकन बोर्डाचें नांव आपल्या मंडळ्यांतील वडील माणसांस परिचयाचें आहे. ह्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती १८१३ सालीं मुंबईस आले, आणि १८३१ सालीं अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथें मिशनचें ठाणें पडलें. परंतु त्याच १८३१ सालीं त्याच बोर्डाचा एक सेवक अमेरिकेंतील तुरुंगांत सक्तमजुरीची शिक्षा भोगीत होता, आणि त्यास तेथें घालणारे अधिकारीही स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारेच होते, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या सेवकाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

सॅम्युएल ऑस्टिन वूस्टर यांचा जन्म १९ जानेवारी १७९८ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला. त्यांचे वडील पाळक असून छापण्याचें कामही जाणत. तेव्हां खिळे जुळविण्याची विद्या मुलास घरींच मिळाली. १८२३ सालीं त्यांनीं अँडोव्हर येथील धर्मशिक्षणाचा क्रम पुरा केला. १८२५ सालीं त्यांची दीक्षा झाली, ॲन ऑर नांवाच्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला, आणि दोघें पतिपत्नी चेरोकी लोकांत सेवा करावयास निघालीं.

चेरोकी लोक हे अमेरिकेचे मूळ रहिवासी. गोरे लोक समुद्रापलीकडून येण्यापूर्वीं पिढ्यानुपिढ्या ते त्या डोंगराळ मुलुखांत राहात आले होते. वूस्टर साहेब तेथें गेले तेव्हां ते शेती करीत, गुरें पाळीत, आपले पंच आपण निवडीत व आपले कायदे आपण करीत. त्यांच्यांतील सिक्वोया नांवाच्या पुरुषास कोणतीही भाषा लिहितां वाचतां येत नव्हती. तरी त्यानें अनेक वर्षें खपून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठीं अक्षरें तयार केलीं. आपल्या बाराखडींत का, कि, कु हीं जशीं वेगळालीं लिहितात, तशी त्यानें प्रत्येक उच्चारास एकेक खूण ठरविली. १८२७ सालीं चेरोकींनीं आपली राज्यघटना लिहून काढिली. वूस्टर साहेबांनीं बोस्टन येथें ह्या अक्षरांचे खिळे पाडवून घेण्यास साह्य केलें, आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजीं न्यू इकोटा ह्या राजधानींत चेरोकी फीनिक्स हें वर्तमानपत्र निघालें. त्याचे संपादक इलायस बूडिनॉट हे स्वतः चेरोकी होते. बूडिनॉट व वूस्टर यांनीं मिळून मत्तयाचें शुभवर्तमान व गीतें चेरोकी भाषेंत आणिलीं.

परंतु शेजारच्या जॉर्जिया संस्थानांतील गोऱ्या लोकांचा डोळा त्या जमिनीवर होता. १८२९ च्या सुमारास तेथें सोनें सांपडलें, आणि लोभास ऊत आला. देशाच्या मध्यवर्ती सरकारानें पूर्वीं तह करून चेरोकींची हद्द मान्य केली होती. तें सर्व बाजूस सारून जॉर्जियानें चेरोकी मुलुखावर आपला अंमल पुकारिला, त्यांचे कायदे रद्द ठरविले, आणि गोऱ्या मनुष्याच्या विरुद्ध चेरोकीची साक्ष कोर्टांत चालणार नाहीं असें ठरविलें. म्हणजे एखाद्या गोऱ्यानें शेत बळकाविलें, तर ज्याचें शेत गेलें तोच साक्ष देण्यास नालायक ठरला. मे १८३० मध्यें ह्या व अशा इतर लोकांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदाही देशाच्या सभेनें केला, व अध्यक्ष जॅक्सन यांनीं त्यावर सही केली.

मिशनरी चेरोकींस धीर देतात, हें जॉर्जियाच्या अधिकाऱ्यांस खपेना. त्यांनीं नवा कायदा केला कीं, १ मार्च १८३१ नंतर चेरोकी मुलुखांत राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या मनुष्यानें परवाना घ्यावा व जॉर्जियाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ वाहावी. सही केली तर सेवा निर्विघ्न चालणार होती. परंतु ती सही म्हणजे चेरोकींची भूमि जॉर्जियाची आहे अशी कबुली होती. वूस्टर साहेबांनीं सही केली नाहीं.

मार्च महिन्यांत त्यांस पकडण्यांत आलें; परंतु ते टपालमास्तर, म्हणून मध्यवर्ती सरकारचे नोकर, असें म्हणून न्यायाधीशानें त्यांस सोडिलें. लगेच त्यांची टपालमास्तरी काढून घेण्यांत आली, आणि जुलै महिन्यांत शिपायांनीं त्यांस पुन्हा धरिलें. त्यांचे सहकारी डॉ. एलायझर बट्लर यांच्या गळ्यांत सांखळी घालून ती घोड्यास अडकविली व त्यांस चालविलें. ऑगस्टांत वूस्टर साहेब घरापासून दूर असतांना त्यांची तान्ही मुलगी मरण पावली. सप्टेंबरांत अकरा जणांस चार वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगाच्या दाराशीं सर्वांपुढें माफी ठेवण्यांत आली. कायद्याचें पालन करण्याचें वचन दिलें कीं सुटका. नऊ जणांनीं ती घेतली. वूस्टर व बट्लर हे दोघे मात्र मिलेजव्हिलच्या तुरुंगांत गेले.

ह्या नकाराचें फळ काय, असें कोणी विचारील. चेरोकींचे मुख्य जॉन रॉस यांनीं आपल्या राष्ट्राच्या वतीनें देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पूर्वींच दाद मागितली होती. पण चेरोकी हें परराष्ट्र नव्हे, म्हणून त्यांचा दावा येथें चालत नाहीं, असें म्हणून तो १८३१ सालीं काढून टाकण्यांत आला. आतां जॉर्जियाच्या कायद्यानें शिक्षा झालेला देशाचा नागरिक अपील करीत होता, व त्याला दार बंद करितां येत नव्हतें. चेरोकींनीं नेमिलेल्या वकिलांनींच हें काम चालविलें. ३ मार्च १८३२ रोजीं सरन्यायाधीश मार्शल यांनीं निकाल दिला कीं, चेरोकी हा वेगळा समाज असून त्यांच्या हद्दींत जॉर्जियाचा कायदा चालत नाहीं, आणि वूस्टर यांची शिक्षा रद्द आहे.

तरी तुरुंगाचें दार उघडलें नाहीं. जॉर्जियानें निकाल मानला नाहीं, आणि तो मानावयास लावण्यासाठीं अध्यक्षांनीं कांहीं केलें नाहीं. उलट त्याच वर्षीं चेरोकींचीं शेतें चिठ्ठ्या टाकून गोऱ्या लोकांस वांटण्यास आरंभ झाला. पुढें देशांत दुसरें एक राजकीय संकट उभें राहिलें, आणि चेरोकींचे पूर्वींचे कैवारीही खटला सोडून देण्याचा सल्ला देऊं लागले. शेवटीं दोघां मिशनऱ्यांनीं पुढील दाद मागणें सोडून गव्हर्नरास पत्र लिहिलें, व १४ जानेवारी १८३३ रोजीं त्यांची सुटका झाली. त्यांनीं येथें माघार घेतली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सोळा महिने तुरुंगांत काढिलेल्या मनुष्यास दोष देणें सोपें आहे; परंतु त्या सुटकेनें चेरोकींचा एक आधार गेला, हेंही खरें आहे.

पुढची हकीकत दुःखाची आहे. डिसेंबर १८३५ मध्यें बूडिनॉट व दुसऱ्या थोड्या लोकांनीं, राष्ट्राच्या संमतीवांचून, सर्व भूमि देऊन टाकण्याच्या तहावर सह्या केल्या. १८३८ सालीं शिपायांनीं घरोघर जाऊन लोकांस बाहेर काढिलें. सुमारें १६,००० माणसें शेंकडों कोस पश्चिमेकडे नेण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें ४,००० मेलीं असा अंदाज करितात. त्या वाटेस अश्रूंची वाट असें नांव पडलें. जून १८३९ मध्यें तहावर सही केल्याबद्दल बूडिनॉट यांसही त्यांच्याच लोकांनीं, वूस्टर साहेबांच्या घरापासून जवळच, ठार मारिलें.

वूस्टर साहेब १८३५ सालींच पश्चिमेकडे गेले होते. पार्क हिल येथें त्यांनीं छापखाना मांडिला, पंचांगें, गीतें व शास्त्राचे भाग छापिले, आणि त्या उजाड झालेल्या लोकांत अखेरपर्यंत राहिले. चेरोकी त्यांस दूत ह्या अर्थाच्या नांवानें ओळखीत. २० एप्रिल १८५९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १९९२ सालीं जॉर्जियानें वूस्टर व बट्लर यांस रीतसर माफी दिली. तिच्यासाठीं तेव्हां कोणतेंही वचन द्यावें लागलें नाहीं. मार्शल यांचा निकाल त्या वेळीं निष्फळ ठरला, तरी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे हक्क सांगतांना न्यायालयांत त्याचा आधार अद्यापि घेतला जातो.

बंधुजनहो, आपणांस सेवेच्या कामांत कधीं असें सांगण्यांत येतें कीं, अमुक कागदावर सही करा, अमुक तंट्यांत दुर्बळांची बाजू घेऊं नका, म्हणजे तुमच्या प्रार्थनेस व शाळेस कोणी अडथळा करणार नाहीं. अशा वेळीं त्या कागदानें कोणाचें शेत जातें, हें पाहून मग लेखणी हातांत घ्यावी.