जॉन किटो याचे चरित्र

इंग्लंड देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ नावाचे बंदर आहे. तेथे एका गवंड्याच्या घरी सन १८०४ च्या डिसेंबरात जॉन किटो याचा जन्म झाला. बाप दारूच्या आहारी गेलेला असल्यामुळे मुलाचे पालनपोषण बहुतेक आजीनेच केले. शाळा थोडीच घडली, परंतु वाचनाची आवड फार. लवकरच बापाच्या हाताखाली काम करणे त्यास भाग पडले.

ता. १३ फेब्रुवारी १८१७ रोजी हा बारा वर्षांचा मुलगा छपरावर घालावयाच्या पातळ दगडी फरशा घेऊन शिडी चढत होता. शिडीवरून छपरावर पाऊल ठेवताना तोल गेला आणि तो सुमारे ३५ फुटांवरून खालच्या फरसबंदीवर आदळला. दोन आठवडे त्यास शुद्ध नव्हती. शुद्धीवर येताच त्याने, गावच्या दवंडीवाल्याकडून वाचावयास आणलेले एक पुस्तक मागितले. आसपासची माणसे ओठ हालवीत, पण शब्द येईना. सर्व इतके हळू का बोलतात हे त्यास उमजेना. शेवटी कोणी पाटीवर लिहून त्यास कळविले की, तो बहिरा झाला आहे. चार महिने तो अंथरुणावर होता. पुढे हातपाय चालू लागले, परंतु ऐकणे कधीच परत आले नाही.

आजीचे हात थकले, तेव्हा सन १८१९ मध्ये त्यास गावच्या गरीबखान्यात ठेवण्यात आले. तेथे तो जोडे शिवण्यास शिकला. मग त्यास एका चांभाराच्या हाती सोपविले. तो धनी त्यास फार मारीत असे. बहिऱ्या मुलाने आपली हकीकत लिहून न्यायाधिशांपुढे ठेवली व त्या जाचातून सुटका मिळविली. त्याचे लिहिणे पाहून काही सज्जनांचे लक्ष त्याजकडे गेले. सन १८२४ मध्ये एक्झेटर येथील दंतवैद्य अँथनी ग्रोव्ह्ज यांनी त्यास आपल्या घरी घेतले. हेच गृहस्थ पुढे मिशनरी होऊन हिंदुस्थानातही आले.

आता वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. त्या अपघाताने किटोचे कान तर गेलेच, पण बोलणेही जवळजवळ बंद पडले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, बोलताना श्रम होत. म्हणून तो सर्व काही कागदावर लिहून सांगे. अशी दहा वर्षे गेली. सन १८२७ मध्ये मिशनच्या छापखान्यात काम करण्यासाठी तो माल्टा बेटाकडे निघाला. जहाजावरील दोघा सोबत्यांनी आपसात ठरविले की, त्याचा लिहिलेला कागद पाहावयाचाच नाही. त्याने तोंडानेच बोलावे. त्यास प्रथम हे कठीण गेले, परंतु प्रवास संपण्यापूर्वी जीभ पुन्हा मोकळी झाली. हे सोबत्यांच्या प्रेमळ हट्टाने साधले.

सन १८२९ मध्ये ग्रोव्ह्ज यांच्या मुलांचे शिक्षक म्हणून किटो बगदादेस गेले. तेथे १८३१ मध्ये प्लेग व महापूर यांचा कहर त्यांनी पाहिला. पूर्वेकडील घरे, वस्त्रे, चालीरीती डोळ्यांनी नीट पाहून ठेविल्या. १८३३ मध्ये लंडनास परतल्यावर त्यांचा विवाह झाला, आणि त्या निरीक्षणाच्या बळावर त्यांनी सचित्र पवित्र शास्त्र, शास्त्राचा ज्ञानकोश व रोजच्या वाचनाची पुस्तके सिद्ध केली. सन १८४४ मध्ये जर्मनीतील गीसेन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली.

तथापि दुखापत सरली नव्हती. १८४५ मध्ये त्यांनी आपल्या बहिरेपणाविषयी लिहिले. जमिनीचा हादरा पायांस कळे, पण पाठीमागून येणारी गाडी कळत नसे. आपल्या लेकरांचा आवाज त्यांनी कधी ऐकला नाही. हे दुःख त्यांनी झाकून ठेविले नाही. अखेर प्रकृती ढासळून ता. २५ नोव्हेंबर १८५४ रोजी जर्मनीतील कान्श्टाट येथे ते मरण पावले. पडणे एका क्षणाचे होते. भोगणे ३७ वर्षांचे.

आमच्या खेड्यांतही कोणी चिंचेवरून पडतो, कोणी विहिरीत. पहिले आठ दिवस सगळी मंडळी भेटीस जाते, पुढे कोणी फिरकत नाही. उपासनेत असा भाऊ वा बहीण कोपऱ्यात मुकाट बसलेली असेल, तर उपदेशकांनी व मंडळीने त्यांजजवळ जावे, त्यांस बोलते करावे, झेपेल ते काम द्यावे. गेलेला अवयव आम्हांस परत देता येत नाही. सोबत मात्र देता येते.