विश्लेषण : संगणकाच्या ‘लूप’आधीची कापरेकरांची आकडेमोड! ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य काय?

एकच कृती पुन्हा पुन्हा करायची आणि ठरलेले उत्तर आले की थांबायचे, याला प्रोग्रॅमिंगमध्ये ‘लूप’ म्हणतात. संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेत तो काही ओळींत लिहिता येतो. संगणक हाताशी नसलेल्या काळात देवळालीच्या एका शिक्षकाने अशाच पुनरावृत्तीतून जगाला नवी संख्या दिली.

कोण होते कापरेकर?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठव्या वर्षी आईचे छत्र हरपले. ठाण्यात शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे त्यांनी देवळालीत शिकवले.

६१७४ कशी सापडते?

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर तीच कृती पुन्हा करा. कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त फेऱ्या लागत नाहीत.

यात ‘लूप’ कुठे?

फेऱ्या किती लागतील हे आधी माहीत नसते, तेव्हा ‘व्हाइल’ लूप वापरतात : उत्तर ६१७४ नाही तोवर कृती सुरू ठेव. यादी ठरलेली असेल तर ‘फॉर’ लूप : १००० ते ९९९९ मधील प्रत्येक संख्या तपास. कसबा बावड्यातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी फॉरच्या पोटात व्हाइल घालून सगळ्या ९,००० संख्या मोबाइलवरही तपासू शकतो. त्यातल्या ८,९९१ संख्या ६१७४ वर पोहोचतात. उरलेल्या नऊ म्हणजे ११११, २२२२ अशा. त्यांचे उत्तर शून्य येते.

लूप अडकतो कधी?

याच नऊ संख्यांवर. शून्यातून शून्य वजा होत राहते, ६१७४ येत नाही आणि लूप थांबत नाही. म्हणून सारख्या अंकांच्या संख्या आधीच वगळाव्या लागतात. दुसरा धोका सुरुवातीच्या शून्याचा. १००० चे पहिले उत्तर ०९९९ येते. संगणक ते ९९९ असे धरतो आणि पुढचे उत्तर शून्य येते. शून्य राखले, तर ९९९० − ०९९९ = ८९९१ असा योग्य मार्ग सापडतो.

दखल कधी घेतली गेली?

हा गुणधर्म कापरेकरांना १९४६ मध्ये आढळला; १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. मात्र देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम किरकोळ मानले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडल्याने त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ६१७४ आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते आणि ती शोधणारा लूप प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचा नेहमीचा सराव झाला आहे.