भिवा रामजीची सरकारी शाळा

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपल्या हिंगोली जिल्ह्यातील शाळांतून विद्यार्थी दिवस साजरा होतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, दोन-चार मुले पाठ केलेली भाषणे करतात, एखादे गुरुजी बाबासाहेब किती तास अभ्यास करीत हे सांगतात आणि कार्यक्रम संपतो. राज्य सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये हा दिवस ठरवून दिला, याचा आनंदच आहे. पण या भाषणांतून एक साधी गोष्ट हमखास गळते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव ज्या शाळेत दाखल झाले ती सरकारी शाळा होती. ती कुणा दानशूर शेटजीची नव्हती की कुणा खासगी संस्थेची नव्हती. सरकारी होती म्हणूनच सुभेदार रामजींच्या मुलाचे नाव तिथे लागले. आणि सरकारी असूनही त्याला तिथे गोणपाटावर बसावे लागले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच बाबासाहेबांची शाळा कळते. आपण मात्र गोणपाट तेवढे लक्षात ठेवले आहे.

सरकारी शाळेचे दार आपोआप उघडलेले नव्हते. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने काय केले? सवर्ण मुले शाळा सोडून जातील, एका मुलासाठी सगळी शाळा मोडेल, असा हिशेब करून अर्ज फेटाळला. प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या असल्या पाहिजेत. त्या मुलाचे पुढे काय झाले, इतिहासाने त्याची दखल घेतली नाही. पण त्याच्या अर्जाची हकीकत बाबासाहेबांनी मोठेपणी आपल्या लेखनातून मुद्दाम मांडली. आपण ज्या दारातून आत आलो ते कुणी ठोठावले होते, हे ते विसरले नाहीत. महात्मा फुल्यांनी १८५२ साली पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तीही याच वाटेवरची.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सुभेदार आणि लष्करी शाळेतले मुख्याध्यापक. महार पलटणीतल्या घरांत अक्षरओळख होती ती या छावणीच्या शाळांमुळे. आपले हिंगोलीही एके काळी निजामाच्या कंटिन्जंट फौजेच्या छावणीचे गाव होते, त्यामुळे छावणीची वस्ती म्हणजे काय हे इथल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. रामजी निवृत्त झाले, कुटुंब दापोलीला आले आणि तिथून साताऱ्याला. साताऱ्यात १८९६ साली आई भीमाबाईंचे निधन झाले. लहानग्या भिवाला आत्या मीराबाईंनी सांभाळले. कॅम्पातली प्राथमिक शाळा संपली आणि साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्याचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे. हीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या शाळेतला त्याचा दिवस कसा जाई? वर्गात मुले क्रमाने बसत. भिवाला क्रम नव्हता, कोपरा होता. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावायला तयार नसे. तहान लागली तर शिक्षकांना सांगायचे. शिक्षकांनी शिपायाला सांगायचे. शिपायाने नळ सोडायचा आणि याने ओंजळ धरायची. इतर मुले स्वतः नळ सोडून पाणी पीत. शिपाई जागेवर नसला की त्या दिवशी पाणी नाही. शाळा सरकारी, नळ सरकारी, शिपाईही सरकारी पगारावरचा! पण त्या शिपायाच्या डोक्यातला कायदा मनूचा होता. १८५८ साली विलायतेहून आलेल्या आदेशाने दार उघडले, नळ उघडला नाही.

घरी परतल्यावरही तेच. परीट कपडे धूत नसे आणि न्हावी डोक्याला हात लावत नसे. पैसे द्यायची ऐपत नव्हती असे नाही. कपडे बहिणी धूत आणि केस थोरली बहीण कापी. भावांचे केस कापता कापता ती त्या कामात तरबेज झाली. राज्यघटनेच्या शिल्पकाराचा पहिला न्हावी त्याची बहीण होती, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगितली पाहिजे.

याच काळातला, १९०१ सालचा मसूरचा प्रसंग. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणींची मुले नवे सदरे, जरीच्या टोप्या घालून आगगाडीने मसूरला उतरली. वडिलांना पाठवलेले पत्र त्यांच्या गड्याने वेळेवर दिलेच नव्हते, म्हणून न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तराने पोरांची चौकशी केली. महार आहोत असे कळताच तो पाच पावले मागे सरला. एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी पोरांनीच हाकायची असे ठरले! गाडीवान बाजूने पायी चालला. सोबत डबा भरून खाणे होते, पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर भिवाने आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले, तरी मिळाले नाही. पोरे उपाशीपोटी, कोरड्या घशाने झोपली. हे सारे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याला शाळेत गोणपाट होते त्याला शाळेबाहेर रस्ताही नव्हता.

मात्र त्या शाळेत माणसेही होती. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजीभाकरी भिवाला देत. तीही वरूनच, हातावर टाकून. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या शिक्षकांनी त्यांना मायेचे पत्र लिहिले आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवले. पेंडसे नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकांनी पावसात ओलाचिंब होऊन आलेल्या भिवाला आपल्या घरी पाठवून कोरडे वस्त्र नेसायला दिले. काही मंडळी हे दोन दाखले पुढे करून जातिव्यवस्था तितकीशी वाईट नव्हती असे सुचवतात. दोन शिक्षक भले निघाले म्हणून शिपायाने नळ सोडला असे झाले नाही, एवढेच त्यांना सांगावे.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली, तीत चूल, जाते, धूर आणि एक शेळी. रामजींना पेन्शन महिना ५० रुपये. थोरल्या भावाने शाळा सोडून नोकरी धरली, कारण दोघांना शिकवणे परवडत नव्हते. भीमरावांना पुस्तके हवी असली की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन उसने पैसे आणत. तिच्याकडे नसले तर तिचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. रात्री मुलगा लवकर झोपे, बाप जागा राही. दोन वाजता मुलाला उठवून मग बाप आडवा होई. त्या खोलीत दोघांना एकाच वेळी पाठ टेकायला जागा नव्हती. चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास चाले.

मुंबईत आधी मराठा हायस्कूल आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूल. हीसुद्धा सरकारीच, आणि इलाख्यातली नामांकित. तिथे गोणपाट नव्हते. पण एकदा शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली, डबे बाजूला झाले आणि मगच आंबेडकर फळ्यापर्यंत पोहोचू शकले. भाषेचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा संस्कृत शिकायचे होते, पण महाराच्या मुलाला ते शिकवण्यास नकार मिळाला, म्हणून फारशी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतली आणि धर्मशास्त्रांची जी चिरफाड केली ती जगाला ठाऊक आहे.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२. आज नव्वद टक्क्यांच्या खाली मुलगा आला की घरात सुतक पाळणाऱ्या आपल्या नोकरदार बांधवांनी हा आकडा कपाटावर लिहून ठेवावा. एका खोलीत, शेळीशेजारी, रात्री दोन वाजता उठून मिळवलेले ते २८२ गुण होते. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांच्या हाती दिले. १९५६ च्या दीक्षाभूमीची वाट एका हायस्कूलच्या निकालापासून सुरू होते, ती अशी.

पुढचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती, १९१२ ची बी. ए., कोलंबिया, लंडन. तो इथे पुन्हा सांगत नाही. पण गोणपाटावरचा तो विद्यार्थी कायदेमंडळात गेल्यावर काय बोलला ते सांगितले पाहिजे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. दारूवरील करातून सरकार जनतेकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी जनतेच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. आणि बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळ भरली. तिथे शिपायाची वाट पाहावी लागली नाही.

सरकारी शाळा वाईट वागवते म्हणून ती सोडा, असे त्यांनी कधी सांगितले नाही. शाळेत आपला हक्क मागा आणि मुलगा तिथे टिकावा म्हणून वसतिगृहे उभी करा, असे सांगितले. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सोलापूरचे वसतिगृह, १९२८ ची डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी ही त्यातलीच कामे. राज्यघटनेचे कलम २९ पोटकलम २ आज कुणी फारसे वाचत नाही. सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळेत धर्म, वंश, जात, भाषा यांवरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते सांगते. धारवाडच्या मुलाच्या अर्जाला जवळजवळ शंभर वर्षांनी दिलेले हे उत्तर आहे.

आपल्या मराठवाड्याकडे ही वाट उशिरा पोहोचली. इथे निजामी राजवट होती, हायस्कूलचे शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी बोलणाऱ्या गरिबाचे पोर तिथवर क्वचितच जाई. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत, जून १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव, नागसेनवन, परिसराला. १९५५ साली तिथे मिलिंद बहुउद्देशीय हायस्कूलही सुरू झाले. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. नागसेनवनाने मराठवाड्याच्या खेड्यापाड्यातून आलेली मुले घडवली आणि ती परत जाऊन गावोगावच्या शाळांत शिक्षक झाली. मराठवाड्यात जिल्हा परिषदांच्या स्वतःच्या प्रशाला मोठ्या संख्येने आहेत. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की बहुधा कुठल्या तरी संस्थेचे, इथे मात्र ते जिल्हा परिषदेचे. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांची दहावी याच प्रशालांत झाली आहे.

आता त्याच शाळांकडे पाहा. ऑक्टोबर २०१७ मध्ये विद्यार्थी दिवस जाहीर झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय पुढे आला. नंतर वीस पटाखालच्या शाळांची चर्चा झाली, समूह शाळा हा शब्द आला. दहा पटाची शाळा कुठे असते? ती बाजारपेठेत नसते. ती कळमनुरी-औंढ्याच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीत असते, सेनगावकडच्या तांड्यावर असते, गावकुसाबाहेरच्या वस्तीला लागून असते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालणारी सात वर्षांची मुलगी किती दिवस शाळेत जाईल? शंभरातली अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हे १९२७ चे गणित विसरायला नको.

सरकारला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण पट कमी झाला तो केवळ सरकारमुळे नाही. आपल्यातला जो जो नोकरीला लागला त्याने पहिल्यांदा काय केले असेल, तर आपले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून पिवळ्या बसच्या शाळेत घातले. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन पाणी, शौचालय, शिक्षकांची रिकामी पदे यांबद्दल जाब विचारू शकणारा शिकलेला पालकच तिथून निघून गेला. उरले ते मजुराचे आणि ऊसतोड कामगाराचे मूल. त्याच्या वतीने अर्ज लिहायला कुणी नाही. धारवाडच्या मुलाला निदान अर्ज तरी करता आला होता.

साताऱ्याचे ते प्रतापसिंह हायस्कूलही आज जिल्हा परिषदेचेच आहे. आणि आपल्याकडे ७ नोव्हेंबर येतो तो नेमका ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याच्या दिवसांत. टोळ्या कारखान्यांकडे निघतात, ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांबरोबर पोरेही चढतात. पटावर त्यांची नावे असतात, आणि सकाळी प्रतिमेला हार घातला जातो तेव्हा ती उसाच्या फडात असतात.