पंडिता रमाबाई आणि धर्मभगिनी

ज्या भगिनी धर्मभगिनींच्या शाळेत शिकल्या, त्यांना पंडिता रमाबाईंची ही कथा जवळची वाटेल.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृतचे धडे दिले ते आईने. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात शिकू लागल्या. लंडनजवळ फुलहॅमला याच भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळीत. ते पाहून रमाबाईंचे मन भारावले आणि १८८३ मध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

तरीही आहारात त्या शाकाहारीच राहिल्या, आणि पटल्यावाचून कोणतेच मत त्यांनी मानले नाही. त्यावरून गुरुभगिनींशी त्यांचे वाद झाले. पण त्यांचे ऋण त्या विसरल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभारले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली तेथे शिकल्या, उद्योगाला लागल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. गुरूची सेवावृत्ती घ्यावी, परंतु आपली बुद्धी गहाण ठेवू नये, हीच त्यांच्या चरित्राची शिकवण.