वेदोक्ताच्या वादातून घडलेला लोकराजा

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतले की वसतिगृहे, राधानगरीचे धरण, कुस्तीची मैदाने आणि आरक्षणाचा हुकूम या गोष्टी चटकन आठवतात. परंतु महाराजांच्या विचारांना निर्णायक वळण दिले ते एका धार्मिक वादाने. कोल्हापुरात सुरू झालेला वेदोक्ताचा हा वाद पुढे महाराष्ट्रभर गाजला, आणि विसाव्या शतकातील सामाजिक चर्चेचा सूरच त्याने बदलून टाकला.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट येथे आणि नंतर धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारच्या ७१ प्रमुख जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते. हे चित्र तरुण राजाच्या डोळ्यांसमोर होते. पण त्याचे मूळ किती खोल आहे, याचा प्रत्यय यायचा होता.

तो आला १८९९ च्या कार्तिक महिन्यात. महाराज पंचगंगेवर स्नानास जात असत. सोबत असलेले संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत यांच्या ध्यानात आले की, भटजी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत. विचारणा केली असता, शूद्रांसाठी वेदमंत्र नसतात आणि पुराणोक्तासाठी आपण स्नान करण्याचीही गरज नाही, असा खुलासा भटजींनी केला. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला, त्याच्या वारसाला स्वतःच्या राजधानीत हे ऐकावे लागले.

हा प्रश्न नवा नव्हता. सातारला प्रतापसिंह महाराजांच्या काळात आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत तो उपस्थित झाला होता. कोल्हापुरात मात्र त्याला जाहीर वादाचे स्वरूप आले. राजोपाध्ये यांनी राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने करण्यास नकार दिला. लोकमान्य टिळकांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये 'केसरी'तून या मागणीविरुद्ध लेख लिहिले. कोल्हापुरातच प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे 'समर्थ' पत्रही विरोधी पक्षात होते. दुसऱ्या बाजूने मराठा घराण्यांच्या क्षत्रियत्वाचे पुरावे मांडले जात होते. परंपरा प्रमाण मानायची की शास्त्र, आणि माणसाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे वादाचे खरे मुद्दे होते.

महाराजांच्या हाती सत्ता होती. तरीही त्यांनी प्रश्नाच्या निर्णयासाठी समिती नेमली आणि तीत राजोपाध्ये यांनाही स्थान दिले. एप्रिल १९०२ मध्ये समितीचा कौल महाराजांच्या बाजूने आला. राजोपाध्ये त्यात सामील झाले नाहीत. वेदोक्त विधी करण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, तेव्हा मे १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली. या जप्तीवर टिळकांसह अनेकांनी कडाडून टीका केली. धर्ममताच्या प्रश्नात राजाने इनामाला हात घालावा काय, हा आक्षेप क्षुल्लक म्हणता येणार नाही. महाराजांची बाजू अशी, की इनाम हे सेवेसाठी आहे. सेवा नाकारली तर त्यावरील हक्कही उरत नाही. राजोपाध्ये यांनी ब्रिटिश सरकारकडे अपिले केली. ती फेटाळली गेली आणि १९०५ मध्ये वाद निवळला.

महाराज मात्र तेथे थांबले नाहीत. मंत्र मिळाला म्हणून रयतेच्या पदरात काही पडत नाही, हे त्यांनी ओळखले. ते इंग्लंडमध्ये असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारच्या गॅझेटमध्ये हुकूम निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. यावरही वादंग उठले. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी गुणवत्तेचा मुद्दा काढला, तेव्हा महाराजांनी त्यांना पागेत नेऊन सर्व घोड्यांपुढे एकत्र दाणा टाकून दाखविल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. धष्टपुष्ट घोडी खात राहिली, अशक्त शिंगरे मागेच राहिली. युक्तिवादाला उत्तर द्यायचे ते असे, रोकडे.

पुढच्या वीस वर्षांत या वादाचा परीघ रुंदावत गेला. १९०१ पासून निघालेली निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे, १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा निर्णय ही त्याची ठळक पावले. १९२० मध्ये सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरुपदी नेमून त्यांनी पौरोहित्याच्या मक्तेदारीलाच आव्हान दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत ते तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. राजघराण्याच्या मानापासून सुरू झालेला वाद आता गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हक्कापर्यंत पोहोचला होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो आणि आरक्षणावरील प्रत्येक चर्चेत त्यांचे नाव येते. ते घेताना एवढे ध्यानात ठेवावे, की स्वतःला सोसाव्या लागलेल्या अपमानाचे उत्तर त्यांनी स्वतःपुरते मिळविले नाही. आपल्याहून कितीतरी अधिक अपमान रोज सोसणाऱ्यांपर्यंत ते नेले, यातच त्यांचे मोठेपण आहे.