पोथ्यांसाठी उघडलेला खजिना

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत दोन सतारींच्या मधोमध कै. श्रीमंत सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. वडील दरबारी वादक. सकाळी रियाजाला बसण्यापूर्वी त्या तसबिरीला हात जोडण्याची त्यांची रीत कधी चुकली नाही. महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधले, गावोगाव शाळा काढल्या, वाचनालये उघडली, हे सारे वडिलांना पटे. एकच गोष्ट त्यांना उमगत नसे. ताडपत्रांवरच्या, कोणी न वाचलेल्या पोथ्या शोधून त्या छापण्यासाठी महाराजांनी इतका पैसा कशाला ओतला असेल? विद्या, निदान आमची विद्या, गुरूच्या हातून शिष्याच्या हातात उतरते, कागदातून नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मी पडलो संगीतशिक्षक. वर्गात चाळीस मुले बसलेली असताना कागदावाचून माझे चालत नाही. या घरगुती वादातूनच महाराजांचे चरित्र या एका बाजूने पाहावे, असे माझ्या मनात आले.

मुळात महाराजांचा जन्म विद्येच्या घरचा नव्हे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी 11 मार्च 1863 रोजी गोपाळराव जन्मले. 1875 साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेबांनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. त्या वेळी त्याला धड अक्षरओळखही नव्हती. इलियटसाहेबांच्या हाताखाली शिक्षण झाले. राज्यकारभार राजा सर टी. माधवरावांनी सांभाळला आणि 1881 च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती सर्वाधिकार आले. उशिरा शिकलेल्या माणसाला विद्येची किंमत अधिक कळते असे म्हणतात; महाराजांच्या बाबतीत ते खरे ठरले. 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली सबंध राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही हकीकत आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

शाळेला पैसा देणे सोपे असते. मुले मोजता येतात, इमारत दिसते. पण एखाद्या माणसाला वर्षानुवर्षे जुने कागद चाळत बसू द्यायचे, त्यातून काय निघेल याची हमी नाही, आणि दरमहा पगार मात्र द्यायचा, याला निराळी छाती लागते. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 साली बडोद्याच्या नोकरीत आले ते काही इतिहासकार म्हणून नव्हे. महाराजांना पुस्तके वाचून दाखवावीत, राजपुत्रांना शिकवावे, हे त्यांचे काम. महाराजांनी त्यांच्याकडून मॅकियाव्हेलीच्या राजनीतीवरील ग्रंथाचे व सीलीच्या इंग्रजी साम्राज्यविस्तारावरील ग्रंथाचे मराठी भाषांतर करवून घेतले. शिकवण्यासाठी काढलेली टिपणे वाढत गेली. 1898 साली मुसलमानी रियासत निघाली आणि पुढे मराठी रियासतीचे खंड येऊ लागले. सरदेसाई 1925 पर्यंत बडोद्याच्या सेवेत होते. ज्या रियासतीवर मराठी वाचकांच्या दोनतीन पिढ्या पोसल्या, तिला अनुदान असे कधी मंजूर झालेले दिसत नाही. ती एका नोकरीच्या फुरसतीतून झाली. पण तशी फुरसत देणारा धनी भेटणे हीच मोठी मदत होती. (आजच्या शिक्षकाला अशी फुरसत कितपत मिळते, हे माझ्या सहव्यवसायी मित्रांना विचारावे.)

पोथ्यांचे प्रकरण पाटणपासून सुरू होते. सिद्धराज व कुमारपाळ यांच्या काळापासून पाटणच्या जैन भांडारांत हजारो हस्तलिखिते जपून ठेवलेली. पाटण बडोदे राज्यातच होते. महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मणिलाल नभुभाई द्विवेदी यांच्याकडून त्या भांडारांची पाहणी करविली आणि पुढे मध्यवर्ती वाचनालयाच्या संस्कृत शाखेतील चिमणलाल डाह्याभाई दलाल यांना त्याच कामी लावले. भांडारे खाजगी, किल्ल्या विश्वस्तांच्या हाती, पाने हात लावताच मोडणारी. दलालांनी चिकाटीने याद्या केल्या. जेसलमेरच्या भांडारापर्यंत ते जाऊन आले. या शोधातूनच गायकवाड प्राच्यग्रंथमाला उभी राहिली आणि 1916 साली तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, छापून निघाला. दलाल पुढे अकाली वारले. अपभ्रंश भाषेतील भविसयत्तकहा हा ग्रंथ त्यांच्या मागे पुण्याचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांच्या हातून पुरा होऊन 1923 साली आला. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह हा बौद्धांचा ग्रंथ. तो जैनांच्या भांडारांत टिकला आणि 1926 साली एका हिंदू राजाच्या खर्चाने छापला गेला. 1927 साली या सर्व कामासाठी प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था झाली आणि बिनयतोष भट्टाचार्य यांच्यासारखा बंगाली पंडित तेथे बसला. महाराजांच्या हयातीत मालेने पंचाहत्तरी ओलांडली.

यात मला महत्त्वाचे वाटते ते पैसा देण्याचे धोरण. महाराज लहर लागली म्हणून शालजोडी देणारे राजे नव्हते. त्याबद्दल जुन्या दरबारी मंडळींत थोडी चुटपुटही असे. त्यांना नियम आवडत, खाते आवडे, हिशेब आवडे. गवय्यांचासुद्धा कलावंत कारखाना होता आणि त्याला कायदे होते! 1886 साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली तीही अभ्यासक्रम व स्वरलिपी यांसह. 1912 साली देशी भाषांतील ग्रंथांसाठी दोन लाख रुपये काढून ठेवले ते मुद्दल म्हणून. पुस्तके व्याजातून व्हायची. देणाऱ्याची मर्जी फिरली किंवा देणारा मेला तरी काम बुडू नये, ही त्यातली दृष्टी. अर्थात तो पैसा शेवटी रयतेच्या साऱ्याचा होता, आणि ज्या कुणब्याने तो भरला त्याला काव्यमीमांसेचा काय उपयोग, हा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. महाराजांनी त्याच कुणब्याच्या मुलामुलींना सक्तीने शाळेत बसविले होते, एवढेच त्यावर सांगता येते.

आता एक अशी गोष्ट, जी आपल्या शहरात अभिमानाने अर्धी सांगितली जाते. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याची महाराजांशी गाठ घालून दिली. कॉलेजसाठी दरमहा मदत मिळाली आणि 1913 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती झाली, दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात दहा वर्षे राज्याची चाकरी करण्याचा करार. त्या पैशावर त्या तरुणाने प्राचीन भारतीय व्यापारावर एम.ए. चा प्रबंध लिहिला, 1916 साली जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला आणि डॉक्टरेटचा प्रबंध तयार केला. पुढे लंडनला शिकण्यासाठी आणखी एक वर्ष मिळाले. येथवर सर्व जण सांगतात.

करारानुसार 1917 साली आंबेडकर बडोद्यास आले. लष्करी सचिवाची जागा होती. पण राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला थारा नाही म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीत चपराशी दुरून कागद टाकीत. काही दिवसांतच त्यांनी हे शहर सोडले. महाराजांनी माणूस घडविण्यासाठी खजिना उघडला. त्याच माणसासाठी बडोद्यात एक ओसरी उघडली गेली नाही. आपली घराणी त्या वेळी येथेच होती. वाडे होते, माड्या होत्या. आमचेही घर होते, आणि आमच्या घरात या गोष्टीचा उल्लेख मी लहानपणी कधी ऐकला नाही. आंबेडकरांनी मात्र प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध केला तो महाराजांनाच कृतज्ञतेने अर्पण करून. हुकमाने पैसा देता येतो. शेजार देता येत नाही, हे महाराजांनाही या प्रसंगी कळले असेल.

6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराज मुंबईत निवर्तले. दहा वर्षांत संस्थान गेले, विद्यापीठ झाले आणि प्राच्यविद्या मंदिर विद्यापीठाकडे आले. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती तेथेच 1951 साली सुरू झाली आणि 1960 ते 1975 या काळात सात कांडे छापून झाली.

आमच्या वादाशी ज्याचा संबंध आहे तो ग्रंथ मात्र नाट्यशास्त्र. भरताचे मूळ श्लोक 1894 सालीच मुंबईत छापले गेले होते. त्यावरची अभिनवगुप्ताची टीका तेवढी हस्तलिखितांत अडकलेली, आणि ती हस्तलिखिते मलबारकडची व अतिशय अशुद्ध. मानवल्ली रामकृष्ण कवी यांनी ती जुळवायला घेतली. पहिला खंड 1926 साली आला, दुसरा 1934 साली, तिसरा 1954 साली. संगीताचे अध्याय चौथ्या खंडात, आणि तो खंड निघाला 1964 साली! महाराजांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती आणि कवीही हयात नव्हते. पहिल्या खंडापासून अडतीस वर्षे. आज एखाद्या कचेरीत मदतीचा अर्ज करताना काम किती महिन्यांत पुरे होईल, हे रकान्यात भरावे लागते. वडिलांकडच्या गती टिपून घेण्यासाठी मी एकदा असा अर्ज केला होता. तो परत आला, कारण त्या छापील कागदावर सतारीसाठी रकानाच नव्हता.

तो चौथा खंड मी वाचनालयातून घरी आणला. अठ्ठाविसाव्या अध्यायात भरताने दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही सारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरी एकेका श्रुतीने उतरवीत जायची. दुसऱ्या उतरणीला तिचे गंधार-निषाद पहिलीच्या रिषभ-धैवतांत मिसळतात, तिसऱ्या उतरणीला रिषभ-धैवत षड्ज-पंचमात. मी मूळ वाचून त्यावरची टीका मराठीत सांगू लागलो तेव्हा वडील सुपारी कातरीत होते. थोड्या वेळाने अडकित्ता खाली ठेवून त्यांनी तसबिरीच्या दोन्ही बाजूंच्या सतारी काढायला सांगितल्या. एक स्वतः घेतली, दुसरी माझ्या मांडीवर दिली आणि खुंटीला हात घातला. आतून जेवायला दोनदा हाक आली. तिसऱ्या उतरणीशी त्यांनी मला थांबविले, आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली.