पायरीखालचा बेडूक आणि गिल्बर्ट व्हाइट

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीच्या दोघांनी झाडावरचा एक बेडूक काचेच्या बाटलीत घालून आणला. बाटलीत भाताची शितं टाकली होती. बेडूक काही खाईना. हा माणसाळेल का, असं त्यांनी मला विचारलं.

मला उत्तर देता येईना. कारण तुमच्याएवढा असताना मीही असाच एक बेडूक बाटलीत ठेवला होता. शितं टाकली, भाकरीचा कुस्करा टाकला. चौथ्या दिवशी तो मेला. बेडूक हलणारं, जिवंत भक्ष्य टिपतो, हे मला ठाऊक नव्हतं. पुढे मोठेपणी गिल्बर्ट व्हाइट यांच्याविषयी वाचलं, तेव्हा माझं कुठं चुकलं ते कळलं. म्हणून आज त्यांचीच ओळख करून देतो.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी इंग्लंडमधील सेलबर्न या खेड्यात झाला. त्यांचे आजोबा त्या गावचे पाद्री होते. गिल्बर्ट ऑक्सफर्डला शिकले आणि तेही पाद्री झाले. एवढे शिकलेले, पण मन रमलं ते गावातच. लग्न केलं नाही. १७५१ पासून बागेची वही लिहू लागले. काय पेरलं, काय उगवलं, कोणता पक्षी कधी आला, सारं त्यात टिपायचे. दिसायला अगदी सारखे असे तीन चिमुकले पक्षी वेगवेगळ्या जातींचे आहेत, हे त्यांनी मुख्यतः त्यांचं गाणं ऐकून ओळखलं. गांडुळं जमीन भुसभुशीत करतात, हेही त्यांनी १७७७ साली लिहून ठेवलं.

आता बेडकाकडे येऊ. झाडावरचा बेडूक त्यांच्या देशात नव्हता. तो आहे असं एका जुन्या लेखकानं लिहिलं होतं, ते चूक असल्याचं व्हाइट यांनी सांगितलं. त्यांच्याकडे असायचा तो खरबरीत पाठीचा, जमिनीवरचा बेडूक. तो विषारी आहे की नाही, यावर तेव्हा लोकांचा वाद चाले. अशा वेळी १७६८ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी खात्रीच्या माणसांकडून ऐकलेली एक हकिगत दिली. काही बायकांना असाच एक बेडूक आवडला. तो बागेतल्या पायरीखालच्या बिळात राही. त्याला पिंजरा नाही की बाटली नाही. रोज संध्याकाळी तो आपणहून बाहेर येई. मग जेवणं झाल्यावर त्याला उचलून टेबलावर ठेवत आणि माशीच्या अळ्या खाऊ घालत. अशी कितीतरी वर्षं गेली. बेडूक चांगला गलेलठ्ठ झाला.

पण पुढे काय झालं? त्या घरी एक पाळलेला डोमकावळाही होता. बेडकानं बिळातून डोकं काढलं आणि कावळ्यानं चोच मारली. बेडकाचा एक डोळा गेला. काही दिवस तो झुरला आणि मेला. व्हाइट यांनी हा शेवट लपवला नाही. माणसाच्या भरवशावर जो जीव बाहेर येतो, त्याला जपणं माणसाकडेच येतं, हे मी त्यातून शिकलो.

त्यांच्या आत्याकडे एक कासव होतं, नाव टिमोथी. तीस वर्षांहून अधिक काळ आत्यानं त्याची देखभाल केली. ती दिसली की ते लगबगीनं तिच्याकडे येई, परक्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे. १७८० साली आत्या वारली, तेव्हा व्हाइट यांनी ते घोडागाडीतून ८० मैलांवर आपल्या घरी आणलं. त्याचं वजन करायचे, त्याला ऐकू येतं का हे पाहायला कर्ण्यातून ओरडायचे! गंमत म्हणजे टिमोथी ही मादी होती, हे पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्यांचं पुस्तक १७८९ साली निघालं आणि आजही लोक ते वाचतात. २६ जून १७९३ रोजी ते सेलबर्नलाच वारले. पुढच्या वर्षी टिमोथीही गेली. तिची पाठ लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

तर मुलांनो, त्या दोघांनी काल बेडूक जिथं सापडला तिथं नेऊन सोडला. शाबास! बेडकाला कातडीतूनही श्वास घेता येतो. ती नाजूक असते, साबण किंवा मीठ लागलेल्या हातानं त्याला धरू नका. पावसाळ्यात घरच्या दिव्याखाली किडे जमतात, तिथं बेडूक येतोच. जरा लांब, गुपचूप बसा. किती वाजता आला, किती किडे टिपले, ते वहीत लिहा. पावसाळाभर जो लिहील, त्याचं पान आपण याच भित्तिपत्रकावर लावू.